पाच कोपऱ्यांचं भोक

संगमनेर, मंगळवार, १८ जानेवारी १९७२

आज पुन्हा चटईच झाली! विषाणूचं कवच एकाच प्रथिनाच्या सारख्या तुकड्यांचं असतं आणि ते तुकडे आपोआप जुळून गोल होतात, हे वर्गात छातीठोकपणे सांगून बसलोय. घरी पुठ्ठ्याचे तुकडे सहा-सहा जुळवत तीन दिवस घालवले, तर सगळं सपाट. सौ.ने त्यावर खुशाल आमटीचं पातेलं ठेवलं.

त्यात नलिनीचा प्रश्न डोक्यातून जात नाही. "सर, कुठं वाकायचं हे प्रथिनाला कोण सांगतं?" उत्तर येत नव्हतं, म्हणून म्हणालो, "हे परीक्षेला नाही. बसा खाली." कसला मास्तर मी!

संध्याकाळी कोंबड्या झाकायला डालं आणायला बुरूड आळीत गेलो. बुरडीण सखूबाई बांबूच्या कामट्यांचं डालं विणत होत्या. जाळीची भोकं सहा कोपऱ्यांची, मधूनच एखादं पाचांचं.

"हे चुकलं का?"

"चुकतंय कशाला? समदी सहाची घातली तर चटई हुईल. पाचाचं घातलं की वळतंय."

"पण कुठं घालायचं, हे ठरवता कसं?"

"ठरवतंय कोन? कामटी ताणली की हाताला कळतंय."

चटई! पुस्तकातल्या आकृतीत पाचांचे गट होतेच की. मीच ती छपाईची चूक समजून लाल शाईने सहा केले होते.

उद्या वर्गात डालं टेबलावर ठेवायचं. ते सोपं आहे. त्याआधी नलिनीला सांगायचंय, 'त्या दिवशी मला उत्तर येत नव्हतं.' हे वाक्य मघापासून तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. तेही लाल शाईनेच.