पाइपाशेजारची पायरी

मी, श्रीमती मृणालिनी बिंदुमाधव वझे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त भूगोल शिक्षिका, राहणार रामघाट, वाराणसी, हे इच्छापत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी शुद्धीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. मी संतापलेली आहे. पण संताप म्हणजे वेड नव्हे, असा दाखला डॉक्टर मुकुल शेवडे यांच्याकडून घेऊन सोबत जोडला आहे. यापूर्वी केलेले गोडगोड मृत्युपत्र मी रद्द करते.

१. रागाचे कारण आधी नोंदवते, म्हणजे पुढच्या वाटण्या वाचून कोणी 'म्हातारीला चळ लागला' म्हणणार नाही. आम्हा मराठी घरांचे एक मंडळ आहे आणि मंडळाचे घाटावर एक यात्री निवास आहे. निवासाचे आणि आमच्या घरांचे सांडपाणी, संडासासकट, एकाच पाइपातून घाटाच्या खालच्या पायरीशेजारी गंगेत पडते. वरच्या गल्लीत आता गटाराची मोठी लाइन आली आहे. तिला जोडून घ्यायचे तर निवासाचे अंगण खणावे लागेल. पावसाळा ओसरल्यावरच खणता येते, म्हणजे कार्तिकातल्या यात्रेकरूंचा हंगाम बुडणार. एवढाच प्रश्न होता. पाइप जोडून घेण्याचा ठराव मी मांडला.

मतदान ठेवले गंगा दशहऱ्याच्या संध्याकाळी. त्या दिवशी सकाळी मंडळाने घाट झाडला. पांढऱ्या टोप्या, रबरी हातमोजे, शपथ, फोटो. माझा मुलगा सुशांत घाटाच्या दुसऱ्या टोकाला गुडघाभर पाण्यात उतरून निर्माल्य काढत होता आणि मला त्याचे खरोखर कौतुक वाटले. आता कळते, घात तिथेच झाला. सकाळी चार हार उचलले की माणसाला वाटते गंगेचे देणे फिटले. संध्याकाळी तिच्या अंगावर घाण सोडायला तो मोकळा. एकादशी, दुप्पट खाशी म्हणतात ते उगीच नाही.

संध्याकाळी मंडळाचे अध्यक्ष रत्नाकरशास्त्री मोघे यांनी गणपतीसमोर ताम्हन ठेवले. म्हणाले, "हात वर करायला नको, उगाच तोंडं कडू होतात. चिठ्ठ्या टाका. देवाचाच कौल घेऊ." कौल देवाला विचारायचा असतो. इथे माणसांनी आपापल्या बोटांनी लिहिले आणि नाव देवाचे लावले. चिठ्ठ्या मोजल्या मी आणि रत्नाकरशास्त्रींनी. ताम्हनभर चिठ्ठ्यांत 'होय' एकच निघाली. ती माझी, माझ्या जांभळ्या शाईतली. रत्नाकरशास्त्री हळूच म्हणाले, "आकडा नको सांगायला, वहिनी. कौल मिळाला नाही, एवढंच सांगू." तेवढेच सांगितले.

२. आणि मग माझ्या दारात रांग लागली. शेजारची देवयानी आली. "काकू, माझी चिठ्ठी तुमच्याच बाजूची होती हं." तिचे यजमान आले, तेच म्हणाले. निवासाचे व्यवस्थापक तर छातीवर हात ठेवून, "गंगा मैया की कसम, काकू," म्हणाले. शेवटी रात्री जेवताना सुशांत. "आई, मी तर 'होय'च लिहिलं होतं. बाकीचे लोग समजतच नाहीत, काय करणार?"

मी आमटी वाढत होते. वाढून घेतली. एक चिठ्ठी आणि तिचे मालक अर्धा रामघाट!

हे लोक मूर्ख असते तर मी रागावले नसते. मूर्खांना शिकवणे ही माझी नोकरीच होती. पण यांना उत्तर येते. येते म्हणून तर खोटे बोलायला माझ्या दारी येतात. चारचौघांत गंगा सर्वांची माता, आणि चिठ्ठीवर एकट्याने लिहायची वेळ आली की ती दुसऱ्याची आई.

३. रत्नाकरशास्त्री मोघे यांना मी माझा पृथ्वीचा गोल देते. ते मला नेहमी ऐकवतात, "गंगा अपवित्र होऊच शकत नाही, वहिनी." पवित्र आणि स्वच्छ हे दोन वेगळे शब्द आहेत. माझी आईही पवित्र होती, तरी तिला रोज आंघोळ लागे. शास्त्रीबुवांनी गोलावर गंगेवरून बोट फिरवून पाहावे. ती आपल्या घाटापाशी संपत नाही. पुढे पाटणा आहे आणि तिथेही माणसे तिचे पाणी तोंडात घेतात.

४. घरातल्या माझ्या हिश्शाच्या खोल्या, स्वयंपाकघर आणि भांडीकुंडी सुशांतला. मी त्याला बेदखल करणार अशी धास्ती त्याने घेतली असेल, तर इथपर्यंत वाचेतो ती पुरे झाली.

५. पोस्टातली शिल्लक आणि मंडळातले माझे सभासदत्व माझी नात मैत्रेयी हिला. आमच्या नियमाप्रमाणे सभासदाला आपल्या जागी वारस नेमता येतो. 'होय'ची चिठ्ठी एकच निघाली, ही गोष्ट मी फक्त तिलाच सांगितली होती. ती म्हणाली, "आजी, कोणी वाईट नाहीये गं. प्रत्येकाला वाटतं, बाकीचे 'नाही' लिहिणार, मग नुकसान मीच का घ्यायचं? सबके सामने विचार ना."

मी म्हटले, "सबके सामने विचारले तर सगळे हात वर करतील आणि खणायला एक येणार नाही."

"तर मग हात वर असतानाच त्यात कुदळ द्यायची," ती म्हणाली.

या मुलीचे डोके कोणावर गेले ते मला ठाऊक आहे आणि मी ते इथे लिहीत नाही. पोस्टातल्या पैशातून तिने आधी कुदळी घ्याव्यात.

६. आता माझ्या देहाविषयी. हे कलम नीट वाचावे.

गंगा मैली होत नाही म्हणणारे रत्नाकरशास्त्री आणि 'होय' लिहिल्याचे सांगणारा सुशांत, दोघेही पर्वणीला होडी करून पलीकडच्या वाळूत स्नानाला जातात. मी एकदा विचारले, आपल्या घाटावर का नाही? सुशांत म्हणाला, "उस पार मोकळं असतं, आई." मोकळे असते! पाइपाशेजारच्या पायरीवर आमच्यापैकी कोणी पाय ठेवलेला मी पाहिलेला नाही. तिथे आमच्या निवासातले यात्रेकरू उतरतात. नांदेड-परभणीहून आलेल्या बाया डोळे मिटून तिथे बुडी मारतात, लेकरांच्या तोंडात ते पाणी घालतात, आणि आम्ही वरून बघतो. त्यांना कोणी काही सांगत नाही. माझा सगळा राग या एका पायरीवर आहे.

म्हणून माझ्या अस्थी नावेतून मधल्या धारेत नेऊ नयेत. त्या पाइपाशेजारच्या पायरीवरूनच सोडाव्यात. सुशांतने तिथे कमरेइतक्या पाण्यात उभे राहावे, त्याच पाण्याने आचमन करावे आणि तिथेच तीन बुड्या माराव्यात. मंत्र रत्नाकरशास्त्रींनी सांगावेत, वरून नव्हे, शेजारी पाण्यात उभे राहून. आईची शेवटची इच्छा मोडली तर काय होते, ते शास्त्रीबुवा त्याला समजावतीलच.

सुशांत, या पत्राची एक प्रत आज मी तुझ्या उशाशी ठेवली आहे. वाचताना तुला किळस येईल. मला तीच हवी आहे. पुण्याने तुझा हात हलला नाही, लाजेने हलला नाही, किळसेने तरी हलू दे. तू मला फार प्रिय आहेस आणि म्हणूनच तुझे खोटे मला सर्वांत जास्त लागले. मी अजून जिवंत आहे. डॉक्टर म्हणतात, प्रकृती ठणठणीत आहे. पावसाळा ओसरला की अंगण खणायला घे. तुला भरपूर वेळ आहे.

स्थळ : रामघाट, वाराणसी
दिनांक : २ जुलै २०२५

(सही) मृणालिनी बिंदुमाधव वझे

साक्षीदार :

१) डॉ. मुकुल शेवडे. बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीत आहेत, इतक्या की भीती वाटते.

२) रत्नाकर मोघे. मजकूर वाचला. मान्य नाही. सही केली आहे. पाइप जोडायला अंगण नक्की किती खणावे लागेल, ते वहिनींनी कळवावे.