पहिला गोल कुणी खाल्ला

४ फेब्रुवारी

बर्फमहालाला पन्नास वर्षं होणार म्हणून नगरपालिकेला उमाळा आलाय! छप्पर गळतं, बायकांच्या संडासाला कडी नाही — पण इतिहास छापायचाय, चकचकीत कागदावर. संचालक येर्मुखान आज स्वतः घरी आले. मी तळलेले बाउर्साक तोंडात कोंबत आमच्या म्हाताऱ्याला म्हणाले, "तोलेगेन-आगा, खूशखबर! तुमच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं आम्ही."

ओझं म्हणजे तो गोल. उद्घाटनाच्या आइस हॉकीच्या सामन्यात रशियातल्या बर्नाऊलवाल्यांनी आमच्या नव्याकोऱ्या बर्फावर पहिला गोल मारला, आणि तो आमच्या गोलकीपरसाहेबांनी खाल्ला. तेव्हापासून गाव ह्यांना 'उघडं दार' म्हणतं. बाजारात शिरले की कुणीतरी ओरडतंच — "अहो, दार लावा, गारठा येतोय!" आमच्या लग्नात माझ्या भावांनीसुद्धा सोडलं नाही.

आता पुस्तिकेत पहिला गोल आपल्याच संघाचा. आणि मारणारा कोण? संचालकांचे दिवंगत मामा! वा रे इतिहास!

५ फेब्रुवारी

मला वाटलं म्हातारा नाचेल. तर चहाला शिवला नाही.

"त्या मामानं दुसरा गोल मारला. पहिला माझा!"

"तुमचा? तुम्ही तर खाल्लात!"

"खाल्ला म्हणजे माझाच ना!"



८ फेब्रुवारी

कचेरीत जाऊन आलो दोघं. संचालक हसत म्हणाले, "आगा, लोक विसरायला तयार आहेत, तुम्हीच कशाला उकरून काढता?"

म्हातारा हसला नाही. "एवढी वर्षं त्या जाळीपुढे उभा राहिलो. किती गोल अडवले, कुणाला आठवतंय? तेवढा एक आठवतो. तोही पुसलात तर मी तिथं होतो कशावरून?"

"मग आणा साक्षीदार!" — संचालकांचा विनोद. कारकूनही खिदळले.

बसथांब्यावर मी ह्यांचा मफलर नीट गुंडाळून दिला. मला वाटायचं, ते नाव ह्यांना टोचतं. टोचत होतंच. पण ह्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं.

९ फेब्रुवारी

साक्षीदार सापडला! लादिगिन — ज्यानं तो गोल मारला, तोच. बर्नाऊलला अजून धडधाकट आहे. दोघं फोनवर इतके बोंबलले की फोनची गरजच नव्हती. समारंभाला येतोय. आपलीच फजिती सिद्ध करायला सीमेपलीकडून पाहुणा बोलावणारा नवरा सबंध कझाकस्तानात मलाच मिळायचा होता.

१५ फेब्रुवारी

लादिगिन आला. गुडघे गेलेत, आवाज शाबूत. म्हाताऱ्यानं मेंढीचं डोकं त्याच्यापुढे ठेवलं, सख्ख्या व्याह्यापुढे ठेवावं तसं. इतका मान बघून तो विरघळला असावा.

"तोल्या, आता लपवून काय करू? ती चकती आत गेलीच नव्हती. खांबाला लागून बाहेर आली. जाळीमागचा तुमचा दिवेवाला पेंगत होता, दचकून त्यानं गोलाचा लाल दिवा लावला. मी हात वर केले. पंचानं दिला गोल!"

मी तर उठून उभीच राहिले. "अहो, ऐकलंत का? उद्या सगळ्यांसमोर सांगू द्या पाहुण्यांना! तोंडं बंद होतील एकेकाची!"

म्हातारा हाडावरचं मांस सोडवत बसला. पाहुण्याला अजून वाढ, एवढंच म्हणाला. भांडी घासताना मी रडले, रागानं. त्या दिवेवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

१६ फेब्रुवारी

समारंभ झाला. संचालकांनी मामांचं नाव घेतलं मात्र, तोच लादिगिन माइककडे निघाला. म्हाताऱ्यानं त्याला मागे ओढलं आणि स्वतः माइक धरला. "पहिला गोल ह्यानं मारला. माझ्या दोन पायांमधून गेला." लोक हसून हसून लोळले. संचालकांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

घरी येताना मी भडकून विचारलं, खोटं का बोललात? काल कळलं ना, खांबाला लागली होती ते?

"काल कशाला? आवाज मी तेव्हाच ऐकला होता."