दगडी पाल्याचा लगदा

मंगळवार, संध्याकाळ. रेवदंडा.

हात तीनदा साबणाने धुतले, तरी मशेरीचा वास जात नाही. की नाकातच बसलाय?

हिराआत्याच्या टाचेची जखम बघायला गेले होते. तिला मधुमेह आहे, जखम दोन महिने भरत नाहीये. बघते तर डॉक्टरची पट्टी गायब. तिथे हिरवा-काळा लगदा. दगडी पाला, जखमेवर लावतात तो रानपाला, तोंडात चावून थापलेला. आणि त्या तोंडात दिवसभर मशेरी! लगद्याखाली पू. तिची किळसच आली मला.

"निदान धुऊन, वाटून तरी लावायचा, आत्या!"

"चावल्याबिगर गुण येत न्हाय. आन् तूच बोललीस ना, पाल्याने नव्या नसा फुटतान? मंग डाक्टरची पट्टी कशाला?"

बोलले होते. समाजमंदिरात, माईक हातात घेऊन. पडद्यावर आमच्या लॅबमधला फोटो, पाल्याच्या अर्काने नव्याने फुटलेल्या लालचुटूक नसा. आत्या पहिल्या रांगेत, "माझी भाची" म्हणून शेजारणींना सांगत होती.

उद्या सकाळीच तिला अलिबागच्या इस्पितळात न्यायचं. पाय राहील ना?

परत तोच वास. पण आता किळस तिची येत नाहीये. त्या नसा प्रयोगातल्या कोंबडीच्या अंड्यात, वाढत्या पिलाभोवती फुटल्या होत्या, माणसाच्या पायात नाही. एवढं एक वाक्य मी टाळ्यांसाठी गिळलं.