लहानपणाचा साक्षीदार

तीर्थरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार (खुर्चीत बसून जमेल तेवढा). भावोजींचा गुडघा काय म्हणतो? तुझी शुगर? इकडे सर्व ठीक, म्हणजे कोणी विचारत नाही, त्यामुळे वेगळं काही सांगायची वेळ येत नाही.

तर झालं असं. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला जो कागद कोणीच वाचत नाही, तो मी बावीस वर्षं वाचतोय आणि त्यातल्या चुका काढतोय, हे तुला ठाऊकच आहे. त्यासाठी मला गोदामाशेजारी एक खोली होती. आता नव्या मॅनेजरबाई आल्या आणि त्यांनी भिंतीच पाडल्या. साठ माणसं एका हॉलमध्ये, वरून दिवसभर गाणी! (दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी जिन्याखाली बसून काम केलं, तर सफाईवाल्या मावशींनी माझ्या पायांवरूनच झाडू फिरवला.) बाई तशा वाईट नाहीत. त्यांचा भाचा ऑटिस्टिक आहे, त्यामुळे त्यांनी मला बरोबर ओळखलं. म्हणाल्या, "मला दिसतंय हो, पण वरच्यांना कागद लागतो. प्रमाणपत्र आणा, खोली देते."

म्हणून डॉक्टरीणबाईंकडे गेलो. जाताना उत्तरं पाठ करून, आरशासमोर सराव करून गेलो. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. त्यांनी लिहिलं, "नजरेला नजर देतात." अगं, चाळीस वर्षं मी समोरच्याच्या दोन भुवयांच्या मध्ये बघतोय! "सहज गप्पा मारतात." त्या गप्पा माझ्या वहीत लिहिलेल्या आहेत, नुसत्या उकाड्यावर अकरा वाक्यं आहेत. आयुष्यभर घासून जे शिकलो, ते सगळं माझ्याच विरुद्ध गेलं. त्यात त्यांच्या प्रश्नावलीतला सातवा आणि एकोणिसावा प्रश्न एकच आहे हे मी दाखवून दिलं, तर "उत्तम सहकार्य" असा शेरा मिळाला.

शेवटी त्या म्हणाल्या, व्याख्येप्रमाणे हे सगळं लहानपणापासून असायला हवं आणि तसं सांगणारं माणूस हवं. "तुम्हाला लहानपणी ओळखणारं आता कोण आहे?" मी बोटं मोजायला घेतली आणि पहिल्याच बोटावर थांबलो. ताई, त्या क्षणी मला फार एकटं वाटलं. बाईंनी पाणी दिलं, ते मी प्यायलो आणि घरी आलो.

बाकी काही विशेष नाही. भावोजींना नमस्कार सांग.

तुझा धाकटा

ता. क. : सोबत फॉर्म आहे. मायेपोटी तू "गुणी होता, काही त्रास नव्हता" असं लिहून मोकळी होशील, याची धास्ती वाटते. दुकानात माझ्याऐवजी तू बोलायचीस. वर्गात माझी जागा कोणी बदलली की तू येऊन भांडायचीस. तू इतकं नीट सांभाळून घेतलंस की शाळेच्या एकाही कागदावर माझी तक्रार नाही. तेवढं आता उघडं कर. तुझ्या लेकीच्या लग्नात मी हॉलच्या दारातूनच मागे फिरलो, तेही लिही. त्यावरून तू आठ वर्षं रागावली आहेस, तेही लिहिलंस तरी चालेल.

दुसरा ता. क. : सही डॉक्टरांसमोरच करावी लागते, तेव्हा तुला इथे यावंच लागेल.

तिसरा ता. क. : वरचं खोटं आहे. फॉर्म पोस्टाने चालतो, मी दोनदा विचारून घेतलंय. पण तू ये. खोली नाही मिळाली तरी चालेल, तू ये.