सवलतीची मुदत

कोरवड, जि. नंदुरबार
१४ जुलै २०१८

तीर्थरूप बाबांस,
क्षितिजाचा शि. सा. नमस्कार.

फोनवर तुम्हाला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनचं घालता, म्हणून लिहितेच. आमच्या रे रोडच्या शर्टांच्या कारखान्यातली सगळी मशिनं इथे लागली. मागास तालुक्यात कारखाना काढून तिथल्या लोकांना काम दिलं, की सरकार सात वर्षं मालकांचा कर परत करणार. विक्रीकर खात्यात तुमचा जन्म गेला, तुम्हाला यातलं जास्त कळतं.

बाबा, बायका डोंगर उतरून कामाला येतात. दुर्गा म्हणून एक आहे, नवरा गेलेला. दरवर्षी ऊसतोडीला गुजरातेत जायची. तिची तान्ही मोगी फडातच जन्मली. यंदा जायचं नाही म्हणाली आणि स्वतःशीच हसली. शिकवायला रे रोडच्या शेवंताबाई महिनाभर आल्यात. स्वतःचं काम गेलं, तरी आल्या.

गोळ्या वेळेवर घ्या. आठवण असू द्या.
तुमची,
क्षितिजा

गिरगाव
२० ऑगस्ट २०१८

चि. क्षितिजास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मी मनचं काही घालत नाही, तूच पुटपुटतेस. तुझ्या आईलाही हेच सांगायचो.

शेवंताबाई परतल्यावर शीव कोळीवाड्यातून मुद्दाम आल्या, सोडे घेऊन. जावेबरोबर मासळी विकायला बसतात. या वयात पाटी उचलवत नाही, असं एकदाच बोलल्या. मग सगळा वेळ दुर्गाचं कौतुक. कॉलर अशी बसवते की बघत राहावं, म्हणे.

नोकरीभर मी हेच ऐकलं, की सवलत दिली की रोजगार वाढतो. बाई गेल्यावर वाटलं, वाढला कुठे, हलला फक्त. पण मनाला लावून घेऊ नकोस. तिथल्या बायकांनाही पोट आहे.

जिवाला जप. तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
बाबा

कोरवड
२१ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. नमस्कार.

काल मालकांनी सगळ्यांना जमवलं. सवलतीची मुदत संपली. दुसऱ्या जिल्ह्यात ती नव्याने मिळतेय, म्हणून कारखाना तिकडे हलणार. या बायकांचं काय, असं मी विचारलं. नियमात होती तेवढी वर्षं काम दिलं, यात गैर काय, म्हणाले. कागदोपत्री खरंच काही गैर नाही, बाबा. तेवढ्यात दुर्गा उठली आणि आपला तालुका आता मागास राहिला नाही का, म्हणून तिने विचारलं. कुणी हसलं नाही.

मला तिकडे बढती देतायत. मी उत्तर दिलेलं नाही. मोगी दुसरीत आहे, पाढे म्हणत दारात येते. दुर्गाने ऊसतोडीच्या मुकादमाला होकार कळवलाय. दिवाळी झाली की जाणार, पोरीला घेऊन. मागे सांभाळायला कोणीच नाही.

तुम्ही काय केलं असतं, ते लिहा.
तुमची,
क्षितिजा

गिरगाव
१ ऑक्टोबर २०२५

चि. क्षितिजास,
आशीर्वाद.

तुझं पत्र शेवंताबाईंना वाचून दाखवलं. गुडघे गेलेत, तरी मुलाच्या, केतनच्या स्कूटरवरून आल्या होत्या. ऐकताच म्हणाल्या, मोगीला माझ्याकडे धाडा, कोळीवाड्यातल्या शाळेत घालू, सून डबा करून देईल. घरच्यांना विचारा, असं मी सुचवलं, तर माझ्यावरच डाफरल्या.

दुर्गाला विचार. पण जोर करू नकोस, आई आहे ती. बढतीचं तुझं तू ठरव. काहीही ठरवलंस तरी हे घर तुझं आहे.

बाबा

कोरवड
३ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. नमस्कार.

राजीनामा दिला. या आठवड्यात घरी येते.

दुर्गाला विचारलं होतं. तिने मशिनीचं चाक हाताने थांबवलं. मग म्हणाली, बाईंना माझे हात जोडलेत म्हणून सांगा, पण पोर इतक्या लांब ठेवली तर फडात माझा कोयता चालायचा नाही. मी जोर केला नाही.

आज मुकादमाचा ट्रक बायकापोरांनी भरून गेला. मोगी शाळेच्या गणवेशातच होती, धड कपडा तेवढाच. ट्रकमधून वाकून मला म्हणाली, शाळेतल्या बाईंना सांगा, होळीला येते, तोवर माझी जागा कुणाला देऊ नका. तशीच शाळेत गेले आणि निरोप दिला. बाई फळ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. वर्गात चारदोन पोरं बसली होती. बाई म्हणाल्या, जागा द्यायला आता आहे कोण इथे.

माझ्यासाठी जागू नका.
तुमची,
क्षितिजा