अक्षरं पाहिली, वाचली नाहीत

१२ जाने.
सुनंदाचा नाशिकहून फोन. संक्रांतीला एकटीच येते, जावईबापूंना सुट्टी नाही. आणि म्हणे, माझा लॅपटॉप बदलून देणार. मशीन हेच, आतलं सगळं नवं. स्वतःच्या लॅपटॉपचं केलं, आता माझं.
अगं, लॅपटॉप चालवायला आत लिनक्स आहेच की! तूच घालून दिलंस. तेही फुकट, हेही फुकट. मग एक लिनक्स काढून दुसरं लिनक्स कशाला? तर म्हणे, जुन्याचे अपडेट बंद झाले, आणि दोघांकडे एकसारखं असलं की फोनवर सांगायला सोपं.
एकसारखं असलं की तिकडून इकडचं दिसतं का, ते विचारायचं राहिलं.

१३ जाने.
खरी धास्ती वेगळीच. ही रोजनिशी त्यातच आहे. मागच्या महिन्यात मिरची वाळत घातलेल्या पथारीच्या मैदानावर डोळ्यांपुढे अंधारी आली, खाली बसलो, ते इथेच लिहिलंय. हिलासुद्धा सांगितलं नाही. सु.ला कळलं तर दोघांना उचलून नाशिकला नेईल. कोरीट गाव सोडून तिथे तिसऱ्या मजल्यावर मी काय कबुतरं हाकू?
पुसून टाकावं म्हटलं. हात होईना.
'मिरची फवारणी' नावाच्या फोल्डरात सरकवली. तिथे कोण बघतंय.

१४ जाने., संक्रांत
सु. आली. पाया पडली, तिळगूळ दिला आणि लगेच पेनड्राइव्ह काढला.
"आबा, आधी तुम्हनं सगळं यामां ठेवस, मंग जुनं पुसस."
सगळं?
"सगळंच."
खुर्ची टाकून शेजारीच बसलो. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी पळत होत्या. ही चहा घेऊन आली, "पोर काम करी ऱ्हायनी अनि तुम्ही पहारा करी ऱ्हायनात!" दोघी हसल्या. तेवढ्यात विहिरीवरून हाक, मोटर बंद पडली. जाऊन येतो तो सगळं आटोपलेलं. अक्षरं मोठी केलेली.
मी सांगितलं नव्हतं.

१५ जाने.
सु. सकाळच्या बसने गेली. नवं चालू केलं. पटकन उघडतं, खोटं कशाला बोलू. पण 'नुकत्याच उघडलेल्या फाइली' अशी यादी दिसली, आणि त्यात पहिलीच ही रोजनिशी! फवारणीतली!
फोन लावला. बसमध्येच होती. "आबा, मराठी अक्षरं नीट दिसतस का, तेवढंच देखं. वाचं नही काही."
अक्षरं पाहिली आणि वाचली नाहीत, असं जमतं? शेजारच्या लग्नाची पत्रिका समोर धरून करून पाहिलं. नुसतं बघायचं, वाचायचं नाही. नवरदेवाच्या मामाचं नावसुद्धा पाठ झालं.

१७ जाने.
सापळा. इथेच लिहितो: उद्या मोटारसायकलवर एकटा तोरणमाळला चाललो.
तिकडून दिसत असेल तर फोन येईलच.

१८ जाने.
आला. "आबा, घरीच ना?"
पण हे तर ती रोजच विचारते.

२० जाने.
पथारीवर मिरची उलटत होतो. ही खुर्ची घेऊन आली. इतक्या वर्षांत कधी नाही ती. कशाला आलीस म्हटलं, तर "उनमां बसाले बरं वाटस."
नाशिकचं नाव नाही. ही काढत नाही, ती काढत नाही.
आणि उन्हात बसायला आली म्हणते, तर खुर्ची माझ्याकडे सरकवून स्वतः खाली मिरचीत बसली.