सोप्या पुस्तकातलं लग्न

जळकोट, ४ ऑगस्ट २०२५

ती. आक्कास वैजनाथचा पायांवर माथा, वि. वि.

नववीतल्या शिवप्रियानं मी लिहिलेलं पुस्तक मिटून टेबलावर आणून ठेवलं, त्याच घटकेला माझं डोकं फिरलं. रागात मोबाईल भिंतीवर आपटलाय, म्हणून हे पत्र.

कॉलेज अर्ध्यात सोडून मी इथल्या शाळेत सोनाली मॅडमच्या हाताखाली लागलो, हे तुला ठाऊकच आहे. नववीला इंग्रजी कादंबरी आहे. निम्म्या पोरांना ती झेपते, बाकीच्यांना दोन ओळींत घाम फुटतो. त्यांच्यासाठी मी तीच गोष्ट छोट्या वाक्यांत, ओळखीच्या शब्दांत लिहितो. चर्चा मात्र सगळ्यांची एकत्र. घरात कानडी बोलणारी शिवप्रिया त्यामुळंच हात वर करायला लागली होती.

कादंबरीच्या शेवटी नायिका गिरणीवाल्याच्या पोराला नाही म्हणते आन् गाव सोडते. त्याच आठवड्यात मी सोनालीला लग्नाचं विचारलं. तीही नाही म्हणाली. मग आक्के, तो नकार माझ्यानं लिहवलाच न्हाय. मी दोघांचं लग्न लावून टाकलं.

आज शिवप्रिया उभी राहून नायिकेच्या लग्नाचं सांगू लागली. सोनालीसमोरच मूळ मोठं पुस्तक वाचणारी पोरं हसली, तुमचं पुस्तक खोटं म्हणाली. वाटतंय, मिळंल त्या ट्रकात बसून निघून जावं.

माया पातळ करू नको.
वैजू

उमरगा, ७ ऑगस्ट

चि. वैजूस आशीर्वाद.

भिंतीला लागलं तर न्हाय ना? सोनालीनं एका शब्दात सांगितलं होतं, बाबा. त्याहून सोपं ती काय करणार होती?

दवाखान्यात म्हाताऱ्यांना डॉक्टरांची चिठ्ठी मी सोपी करून सांगते. गोळी बदलत न्हाय. तू पळालास तर ती पोरगी परत पुस्तकाला हात लावायची न्हाय. वर्गासमोर कबूल कर. सोनालीला दाखवायला न्हाय, पोरीसाठी. आन् वेळेवर जेव.

रागावलेली, तरी तुझीच,
आक्का

जळकोट, ११ ऑगस्ट

ती. आक्कास नमस्कार, वि. वि.

प्रकरण पुन्हा लिहिलं. नकाराच्या ओळीवर लई अडलो. शेवटी लिहिलं, तिला जायचं होतं, म्हणून ती गेली.

आज वर्गात सांगितलं की शिवप्रियानं बरोबर वाचलं होतं, खोटं मी लिहिलं. शिवप्रियानं विचारलं, सर, असं का केलं? मला तिचं नाही म्हणणं आवडलं न्हाय, असं म्हणालो. त्यावर ती म्हणाली की तुम्हाला कुणी विचारलं होतं? सगळा वर्ग हसला. सोनालीही हसली, आक्के, आन् मला तेवढ्यानंही धडधडलं. जिता जीव आहे, काय करू.

नवी पानं पुढं केली, तर शिवप्रियानं शेजारणीचं मोठं पुस्तक ओढून घेतलं. दोन्ही बाजूबाजूला ठेवून, बोट फिरवत, माझी एकेक ओळ तपासायला लागली. मोठ्या पुस्तकात एका शब्दावर अडली. मी सांगायला वाकलो, तर मान वर न करताच म्हणाली की तुम्ही नका सांगू, मी बघते. इथं उभं राहू नका, ध्यान जातं.

सोनालीकडं बघायचं होतं. बघितलं न्हाय. बाहेर आलो आन् वर्गाचं दार ओढून घेतलं.

तुझा,
वैजू